दर्शनी खिडकी आणि मागचे दप्तर

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असे संपादक मंडळाने कळविले, तेव्हा सोबत विषयही सुचविला होता : 'विद्यालयाची वाटचाल'. इतिहास शिकविणाऱ्या माणसाकडून ती अपेक्षा रास्तच होती. परंतु त्या वाटचालीचे साक्षीदार असलेले ज्येष्ठ याच अंकात लिहीत आहेत. त्यांच्या अनुभवापुढे माझी टिपणे ती काय! म्हणून संपादकांची क्षमा मागून मी वेगळाच विषय घेतला आहे. तो म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या आज्ञावल्या लिहिण्याचे शिक्षण. माझ्या वर्गात बसून गेलेल्यांना हे वाचून हसू येईल, कारण शाळेतला प्रोजेक्टर सुरू करायलादेखील मी मुलांनाच हाक मारतो, हे त्यांना ठाऊक आहे. तरीही गेल्या काही वर्षांत जे पाहिले आणि वाचले, त्यावरून माझे एक मत बनले आहे. ते पालकांपुढे आणि माजी विद्यार्थ्यांपुढे ठेवायला याहून योग्य जागा मला दिसत नाही.

आपल्याच विद्यालयातून दहावी झालेली एक मुलगी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात होती. तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकाने परत केला. कारण एका ओळीत दिले होते : नाव जुळत नाही. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग तिचे नाव, मग वडिलांचे. आधार कार्डावर तिचे नाव आधी आणि आडनाव शेवटी. तीच मुलगी, तेच तीन शब्द, फक्त क्रम वेगळा. वडील मजुरी करणारे. तीन वेळा ते तिला घेऊन अर्ज भरण्याच्या केंद्रावर गेले आणि तीन दिवसांचा रोज बुडाला. खिडकीतला मुलगा सज्जन होता, आपल्याच वस्तीतला होता. तो दर वेळी एकच वाक्य बोलत राहिला, "काका, मी काय करू? सिस्टिम घेत नाही." शेवटी प्रतिज्ञापत्र, नावातील बदलाचा अर्ज, पुन्हा नवा फॉर्म असे सोपस्कार होऊन शिष्यवृत्ती मिळाली ती पुढल्या वर्षी. दरम्यान फी भरली गेली ती उसनवारीने.

'सिस्टिम घेत नाही' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. रेशनच्या दुकानात ऐकले आहे, बँकेत ऐकले आहे, निवृत्तिवेतनाच्या रांगेत ऐकले आहे. पूर्वी 'साहेब नाहीत' असे उत्तर मिळे, तेव्हा निदान साहेब कोण हे विचारता येई. आता विचारायचे कोणाला? इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथे एक जुना प्रश्न दिसू लागतो : नोंद कोण करतो, आणि नोंदीचे नियम कोठे राहतात?

गावगाड्यात या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट होते. दप्तर कुळकर्ण्याकडे असे. जमिनीची प्रत, वसुलाची बाकी, कोणाचे किती फिटले, हे सारे त्या दप्तरात. महाराकडे काय होते? वेस राखणे, सरकारी निरोप घेऊन रात्री-अपरात्री पुढच्या गावी जाणे, गावचा वसूल खजिन्यापर्यंत पोहोचविणे, आणि शिवेचा वाद निघाला की साक्ष देणे. म्हणजे गावाची सगळी माहिती त्याच्या पायाखालून जात होती, परंतु दप्तरातली एक ओळही त्याच्या हाताने लिहिली जात नव्हती. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात विधेयक मांडले, ते या वेठबिगारीच्या बेड्या तोडण्यासाठी. प्रत्यक्षात कनिष्ठ गाव-वतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ साली. निरोप वाहण्याचे काम आणि नोंद ठेवण्याचे काम यांतले अंतर किती मोठे असते, हे आमच्या आजोबांच्या पिढीला सांगावे लागत नव्हते.

आज आपल्या वस्त्यांतून संगणक शिकलेली मुले पुष्कळ आहेत. टंकलेखन येते, संगणक साक्षरतेचे प्रमाणपत्र असते, फॉर्म भरता येतो, डेटा एंट्रीची नोकरी मिळते. त्या नोकऱ्यांवर घरे उभी राहिली आहेत. त्यांना मी कमी लेखत नाही. परंतु ही सारी कामे दर्शनी खिडकीची आहेत. खिडकीतून आत गेलेला कागद जिथे तपासला जातो, स्वीकारला किंवा नाकारला जातो, जिथे त्याची कायमची नोंद होते, ते दप्तर आता सर्व्हर नावाच्या यंत्रावर असते. आणि त्या दप्तरात आपली मुले अजून फार थोडी पोहोचली आहेत.

हे मला समजावून सांगितले ते आपल्याच एका माजी विद्यार्थ्याने. तो हिंजवडीच्या एका कंपनीत हेच काम करतो. त्याच्या स्वभावाला अनुसरून त्याने नाव छापू नये अशी विनंती केली आहे. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुटीत भेटायला आला असता त्या मुलीची हकीकत मी त्याला सांगितली. तो म्हणाला, "सर, ही तुलना बहुधा पडद्यावर होतच नाही, मागे सर्व्हरवर होते. दोन्ही नावे अक्षर न् अक्षर सारखी आहेत का, एवढेच तिथे एका ओळीत विचारले असणार. शब्दांचा क्रम बदलून पाहा, तरीही जुळले नाही तर अर्ज फेटाळू नका, माणसाच्या टेबलावर पाठवा, हे लिहायला आणखी दहा ओळी लागल्या असत्या. ते लिहायचे कोणाला सुचले नाही." मी विचारले, "तुला सुचले असते?" तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "सर, माझाही फॉर्म एकदा असाच परत आला होता."

या उत्तराने माझे डोळे उघडले. मग मी त्याला सोडले नाही. त्या सुटीत आठ दिवस आणि दिवाळीत पुन्हा सहा दिवस तो वसतिगृहात राहिला आणि आठवी ते दहावीच्या मुलामुलींना त्याने हे काम करून दाखविले. पाठ्यपुस्तक नव्हते. विषय होता आपल्या वसतिगृहाची कोठी.

संगणक कक्षातला एक जुना संगणक सर्व्हर झाला. एक साधा राउटर लावला. कोठी सांभाळणाऱ्या मावशींचा मोबाईल आणि अधीक्षकांचा मोबाईल या दोन खिडक्या. मोबाईलवरून विनंती जाते, 'तूरडाळ किती शिल्लक?', सर्व्हर नोंदवहीत पाहतो आणि उत्तर पाठवितो. एवढे चालू झाले तेव्हा मुलांनी टाळ्या वाजविल्या. तो म्हणाला, "आता खरा अभ्यास सुरू होईल. आता आपण हे मोडायचे."

कोठीत ४० किलो डाळ होती. मावशी रोजच्या स्वयंपाकासाठी १५ किलो काढणार, आणि अधीक्षक कार्यक्रमासाठी १० किलो. दोघांनी एकाच क्षणी बटण दाबावे असे ठरले. सर्व्हरने दोघांसाठी स्वतंत्रपणे शिल्लक वाचली, दोघांनाही ४० दिसले. मावशींची नोंद झाली, ४० वजा १५, शिल्लक २५. पुढच्याच क्षणी अधीक्षकांची नोंद झाली, ४० वजा १०, शिल्लक ३०. आणि ती पहिल्या नोंदीवर बसली. पोत्यात उरली १५ किलो, वहीत दिसते आहे ३०. कोणीही खोटे बोलले नाही, कोणी चोरी केली नाही, आज्ञावलीची प्रत्येक ओळ लिहिल्याप्रमाणे चालली. तरी १५ किलोचा फरक पडला.

वर्गात शांतता होती. मी मावशींकडे पाहिले. तपासणीच्या दिवशी या १५ किलोंचा जाब कोणाला विचारला जाईल, हे त्यांना आणि मला दोघांनाही कळले होते. संगणकाच्या चुकीला संगणक कधी जबाबदार धरला जात नाही.

मग त्याने उपाय शिकविला. प्रत्येक नोंदीला आवृत्तीचा क्रमांक द्यायचा. 'मी सातव्या आवृत्तीवरून लिहितो आहे' असे मोबाईलने सांगायचे. सर्व्हरवर तोवर आठवी आवृत्ती झाली असेल, तर सर्व्हरने नम्रपणे नकार द्यायचा आणि पुन्हा वाचून या असे सांगायचे. दुसरा मार्ग म्हणजे एक जण वही उघडून बसला असता दुसऱ्याला थांबवून ठेवणे. दोन्हींचे फायदे-तोटे मुलांनी स्वतः मांडले. एक मुलगा म्हणाला, "सर, वही उघडून कोणी झोपी गेला तर?" हा प्रश्न या विषयाच्या मोठमोठ्या ग्रंथांत चर्चिला गेला आहे, असे त्याने मला नंतर सांगितले.

दुसऱ्या दिवशी त्याने मुद्दाम वीज घालविली. कोठीतून तेलाचा डबा वजा झाला होता, स्वयंपाकघराच्या खात्यात जमा व्हायचा होता, आणि मध्येच त्याने बटण बंद केले. संगणक पुन्हा सुरू केल्यावर तो डबा कोठेच नव्हता, ना कोठीत ना स्वयंपाकघरात. भारनियमनात वाढलेल्या मुलांना हे उदाहरण समजावून सांगावे लागले नाही. वजा आणि जमा ही दोन कामे नसून एकच काम आहे. होतील तर दोन्ही होतील, नाहीतर एकही होणार नाही, अशी बांधणी करावी लागते. तिला ट्रान्झॅक्शन म्हणतात. या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत जिम ग्रे यांचे नाव अग्रभागी आहे, आणि त्यासाठी त्यांना १९९८ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. संगणक क्षेत्रातला तो सर्वोच्च सन्मान होय.

तिसरी गोष्ट आमच्या कार्यालयातल्या लिपिकांना फार आवडली. मोबाईलवरून विनंती गेली, उत्तर आले नाही, म्हणून मावशींनी बटण पुन्हा दाबले. वास्तविक पहिली विनंती पोहोचली होती; वाटेत हरवले ते उत्तर. परिणामी नोंद दोनदा. उत्तर आले नाही म्हणजे काम झाले नाही असे समजू नये, हा या शास्त्रातला मूलभूत धडा आहे. त्यावर उपाय काय? आमचे लिपिक मागे उभे होते, ते म्हणाले, "जावक क्रमांक टाका की!" आणि खरोखर उपाय तोच निघाला. प्रत्येक विनंतीला मोबाईलनेच आपला क्रमांक द्यायचा. त्याच क्रमांकाची विनंती पुन्हा आली, तर सर्व्हरने नवी नोंद न करता जुनेच उत्तर परत पाठवायचे. स्मरणपत्रासोबत मूळ पत्राची प्रत आली तर आवक नोंदवहीत त्याला नवा क्रमांक न देण्याची शिस्त आमच्या कार्यालयात पूर्वीपासून आहे.

आता माझ्या स्वतःच्या विषयाशी जुळलेली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. अधीक्षकांच्या मोबाईलचे घड्याळ चार मिनिटे पुढे होते. नोंदींच्या वेळा पाहून आठवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, आधीची नोंद कोणती?" एकच सर्व्हर असेल तर त्याच्याकडे जी आधी पोहोचली ती आधीची, असे म्हणता येते. परंतु सर्व्हर अनेक असतील आणि प्रत्येकाचे घड्याळ थोडे वेगळे असेल तर? लेस्ली लॅम्पोर्ट या शास्त्रज्ञाने १९७८ साली या प्रश्नावर एक निबंध लिहिला. त्याचे सार असे की घड्याळावर विसंबू नका, निरोपांवरून क्रम लावा; निरोप मिळण्याची घटना तो पाठविण्याच्या आधी घडू शकत नाही. हे ऐकून मी खुर्चीवरून उठलोच. अहो, हे तर आम्ही इतिहासवाले पूर्वीपासून करीत आलो आहोत! सम्राट अशोकाने आपल्या लेखांत काळ दिला तो स्वतःच्या राज्याभिषेकापासूनच्या वर्षांत. जगाचे सामाईक घड्याळ त्यात नाही. मग अशोकाचा काळ ठरला कसा? तेराव्या शिलालेखात त्याने पाच यवन राजांची नावे दिली आहेत. त्या राजांचा काळ ग्रीक साधनांतून माहीत आहे. ज्याचे नाव लेखात आले तो राजा लेखाच्या आधी गादीवर आलेला असलाच पाहिजे. एवढ्या धाग्यावरून मौर्य कालगणना उभी राहिली. इतिहास घेतलेल्या मुलाला संगणकाचा हा भाग कळणार नाही, असे यापुढे माझ्यासमोर कोणी म्हणू नये.

कोठीचा हा खेळ मोठा केला की जे होते, त्याला त्या क्षेत्रात एंटरप्राइज ॲप्लिकेशन म्हणतात : एखाद्या मोठ्या संस्थेचा कारभार चालविणारी, अनेक यंत्रांवर पसरलेली आज्ञावली. रेल्वेचे आरक्षण हे आपल्या सर्वांच्या परिचयाचे उदाहरण. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद या पाच ठिकाणी आरक्षणाच्या स्वतंत्र यंत्रणा होत्या. एका केंद्राच्या खिडकीवरून दुसऱ्या केंद्राच्या गाडीचे तिकीट मिळत नसे. परतीच्या प्रवासाच्या आरक्षणासाठी तार करावी लागे, आणि उत्तर येईल तेव्हा येईल. १९९९ साली ही पाचही केंद्रे एकमेकांना जोडली गेली. तेव्हापासून कोणत्याही गावच्या आरक्षण खिडकीवरून कोणत्याही गाडीचे तिकीट निघू लागले. दोन गावांत दोघांनी एकाच क्षणी शेवटचे आसन मागितले, तर ते एकालाच मिळते. आमच्या डाळीचाच तो प्रश्न. फरक इतकाच की पोते एका शहरात आणि मावशी दुसऱ्या शहरात.

मोबाईलवरून पैसे पाठविणे त्याहून अवघड. आपल्या खात्यातून वजा करणारी बँक एक, भाजीवाल्या ताईंच्या खात्यात जमा करणारी बँक दुसरी, आणि दोघींमध्ये निरोपाची देवघेव करणारी राष्ट्रीय यंत्रणा तिसरी. एका बँकेची वही दुसरीने उघडून बसावे असे इथे होऊ शकत नाही. म्हणून कधी पैसे वजा होतात, पोहोचत नाहीत, आणि काही काळाने आपोआप परत येतात. त्या मधल्या काळात कोणाचे पैसे कोठे आहेत याचा हिशेब चोख राहावा, यासाठी कोणीतरी अतिशय काळजीपूर्वक आज्ञावली लिहिलेली असते.

३० डिसेंबर २०१६ रोजी केंद्र सरकारने असे पैसे पाठविण्याचे जे ॲप आणले, त्याला 'भीम' हे नाव दिले आणि ते बाबासाहेबांच्या स्मरणार्थ असल्याचे जाहीर केले. आपल्याकडे त्या दिवशी पेढे वाटले गेले. मीही ते ॲप अभिमानाने घेतले. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाचे नाव पैशाच्या व्यवहाराला मिळावे, हे उचितच आहे. परंतु नाव दर्शनी पडद्यावर आहे. त्या पडद्यामागचे दप्तर लिहिण्याची विद्या आपल्या किती मुलांच्या हाती आहे, असा प्रश्न तेव्हा आमच्यापैकी कोणी विचारला नाही. मीही विचारला नाही.

ही विद्या शिकायची कशी, याविषयी माझ्यासारख्याने बोलणे धाडसाचे आहे. परंतु पालक माझ्याकडे जाहिराती घेऊन येतात, म्हणून बोलणे भाग आहे. 'तीन महिन्यांत फुल स्टॅक, नोकरीची हमी' अशा वर्गांसाठी दागिने गहाण पडलेले मी पाहिले आहेत. त्या वर्गांत मुलाला साधनांची नावे पाठ करविली जातात. दोन विनंत्या एकाच वेळी आल्या तर काय होईल, हे त्याला कोणी विचारत नाही.

आणि साधने तर सारखी बदलतात. जावा ही संगणक भाषा १९९५ साली आली. मोठ्या संस्थांच्या कारभारासाठी तिचा जो संच बनला, तो १९९९ साली जे-टू-ई-ई या नावाने बाहेर पडला. त्यातले एंटरप्राइज जावाबीन्स नावाचे प्रकरण इतके बोजड होते की लहानशा कामासाठीही कागदपत्रांचे गाठोडे बांधावे लागे. २००२ साली रॉड जॉन्सन यांनी एक जाडजूड पुस्तक लिहून या बोजडपणावर टीका केली, आणि त्याच पुस्तकातल्या आज्ञावलीतून पुढे स्प्रिंग हे साधन उभे राहिले. जावाची जननी सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी २०१० साली ओरॅकलने घेतली. त्या जुन्या संचाचा कारभार २०१७ साली एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपविण्याचे ठरले, आणि पुढच्या वर्षी त्याचे जकार्ता असे नामांतर झाले. इतिहासाच्या माणसाला यात नवल वाटत नाही. निजामशाही गेली, मोगल आले, मराठे आले, इंग्रज आले. परंतु जमिनीची मोजणी, प्रतवारी आणि वसुलाची नोंद हे काम प्रत्येक राजवटीला करावेच लागले. तसेच ट्रान्झॅक्शन, एकाच वेळी येणाऱ्या विनंत्या, हरवलेली उत्तरे आणि न जुळणारी घड्याळे हे प्रश्न प्रत्येक साधनाला सोडवावेच लागतात. ज्याला ते प्रश्न कळले, त्याला नवे साधन शिकायला थोडे आठवडे लागतात. ज्याला फक्त साधन कळले, त्याला दर राजवटीत नव्याने हात जोडावे लागतात.

म्हणून माझे मत असे की आधी एकाच यंत्रावर चालणारी छोटी आज्ञावली नीट लिहावी. त्यासोबत डेटाबेसची भाषा शिकावी. ती जुनी आहे आणि टिकणारी आहे. मग कोणत्याही तयार साधनाच्या मदतीशिवाय एकदा तरी स्वतःच्या हाताने विनंती घेणारा आणि उत्तर देणारा छोटा सर्व्हर बांधावा. तो मोडून पाहावा. मग स्प्रिंगसारख्या साधनाकडे वळावे. आणि एका यंत्रावर जे काम चोख होते, ते केवळ फॅशन म्हणून दहा यंत्रांवर पसरवू नये. आमचा माजी विद्यार्थी हे शेवटचे वाक्य फार पोटतिडिकीने बोलतो. त्याच्या कंपनीत त्यावरून काहीतरी घडले असावे. या वाटेला दोन-तीन वर्षे लागतात. पैसा मात्र फारसा लागत नाही. जावाची मुक्त आवृत्ती फुकट आहे, लिनक्स फुकट आहे, पोस्टग्रेस नावाचा उत्तम डेटाबेस फुकट आहे, आणि आमच्या कोठीचा सर्व्हर ज्या यंत्रावर चालतो ते भंगारात जाणार होते.

काही आक्षेप माझ्या कानावर आले आहेत. आता यंत्रच आज्ञावली लिहून देते, मग शिकायचे कशाला, असे एक पालक म्हणाले. मी तो प्रयोग करविला. यंत्राने कोठीची आज्ञावली मिनिटभरात लिहून दिली, आणि तिच्यात तो १५ किलोंचा फरक जसाच्या तसा होता. मुलांनी तो दाखवून दिल्यावर यंत्राने चूक दुरुस्त केली. पुढे यंत्र अधिक शहाणे होईल, हे मान्य. तरी चूक ओळखणारा माणूस लागणारच, आणि तो कोण असावा यावरच माझा सारा लेख आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आमच्या माजी विद्यार्थ्यानेच घेतला. "सर, तुम्ही फार आशा ठेवता. नियम आम्ही ठरवीत नाही. वरून लिहून येते, तसे आम्ही करतो." हे खरे आहे. कुळकर्णीदेखील कर ठरवीत नव्हता. तो वरूनच येई. तरी कोणाची बाकी किती, सूट कोणाला, हे गावात त्याच्या लेखणीवरून ठरे. मी त्याला तसे म्हटले. तो हसला. मग बराच वेळाने म्हणाला की बैठकीत कागद वाचला जातो, तेव्हा 'नाव न जुळल्यास अर्ज फेटाळावा' या ओळीपाशी थांबून 'म्हणजे नेमके काय?' असे विचारायची संधी असते. ती पाचच मिनिटांची असते. त्या खोलीत असे विचारणारे कोणी नसले की ओळ तशीच पुढे जाते.

नोकऱ्यांची हमी मी देत नाही. या क्षेत्रातही मंदी येते, माणसे कमी केली जातात. इंग्रजीची अडचण खरी आहे. सगळी कागदपत्रे इंग्रजीत असतात आणि आपली मुले मराठी माध्यमातली. परंतु विनंती, नोंद, आवृत्ती, जावक क्रमांक या शब्दांत समजलेली गोष्ट इंग्रजीत पुन्हा वाचताना मुले अडखळली नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आधी समज, मग परकी संज्ञा, हा क्रम ठेवला तर अडचण निम्म्याने कमी होते.

आता मागणे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे कोणी सर्व्हरवरचे काम करीत असतील, मग ते पुण्यात असोत, बंगळुरूला असोत की परदेशात, त्यांनी वर्षातून आठ दिवस विद्यालयाला द्यावेत. परदेशातून येणे न झाल्यास रविवारी पडद्यावरून शिकवावे, राउटर आहे. कार्यालयातले जुने पण चालू संगणक कोणी देऊ शकत असेल तर चार हवे आहेत, म्हणजे कोठी, ग्रंथालय, हजेरी आणि कार्यालय यांचे सर्व्हर वेगवेगळे ठेवून मुलांना पुढचा अभ्यास करता येईल. आणि एक यूपीएस तातडीने हवा. सध्याच्याची बॅटरी गेली आहे. वीज गेली की कोठीचा सर्व्हर बंद पडतो. नोंद मात्र अर्धवट राहत नाही. मावशींनी ते स्वतः दोनदा तपासून पाहिले आहे, आणि वही अजूनही समांतर ठेवली आहे.